कोरडे आलेले लाकडी कडे

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढे मी एक जुने लाकडी कडे आहे. मनगटात घालण्याचे नव्हे. दात येऊ लागलेल्या बाळाने तोंडात धरून चावण्याचे. माझ्या अंगावर बारीक खुणा आहेत. त्या वाचण्याची विद्या एकाच माणसाच्या बोटांना अवगत आहे, आणि त्याच माणसाने मला घडवले.

तो कातारी. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला पटाशीने आकार देणे हा त्याचा व्यवसाय. एका मेजाचे पाय घडवून झाले, तेव्हा चार बोटे तुकडा उरला. घरी त्याचा मुलगा पाच महिन्यांचा होता आणि हिरड्या शिवशिवत असल्यामुळे हाती येईल ते तोंडात घालीत होता. कातार्‍याने तो तुकडा लेथवर चढवला, मधून पोखरला, काठ गोल केले. मला ना रंग दिला, ना वार्निश. केवळ घासून घासून गुळगुळीत केले आणि अखेरीस स्वतःच्या जिभेवरून फिरवून पाहिले. कुठेही कुसळ लागले नाही, तेव्हाच त्याने मला घरी नेले.

"इतक्या निगुतीनं तर ते मेजही केलं नसेल तुम्ही," त्याची बायको म्हणाली.

"मेजाला कोण चावणार आहे?" तो म्हणाला.

ती मला माठातल्या गार पाण्यात बुडवी, स्वच्छ फडक्याने पुशी आणि मुलाच्या मुठीत देई. त्याच्या तोंडात गेले की क्षणार्धात मी लाळेने न्हाऊन निघत असे. माझ्या गारव्याने त्याच्या सुजलेल्या हिरड्या निवत आणि त्याचा हुंदका अर्ध्यावर थांबे. एके दिवशी माझ्या काठावर बारीक ओरखडा उमटला. तो त्याचा पहिला दात. आळीतल्या बायका म्हणू लागल्या, "तुमच्या घरात ते कडं आहे, तुम्हाला कसली चिंता?" मित्रांनो, मी फुशारले. स्तुती लाकडातही मुरते.

दोन वर्षांनी छकुली जन्मली. तिच्याही हिरड्या सुजल्या, तीही रडू लागली, आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले. पण एका आठवड्यात तिचे अंग तापले. दात येताना अंग तापतेच, असे सारे म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिची लाळ थांबली. मी तिच्या तोंडातून कोरडे बाहेर आले. "बघा, लाळही थांबली. उतार पडला," आई म्हणाली, आणि तिने मला कृतज्ञतेने डोळ्यांना लावले. मला मिळालेला तो सर्वांत मोठा मान. दुसऱ्या दिवशी सकाळी छकुली राहिली नाही. घरात पुढे एवढेच म्हटले जाई, की पोर दातांच्या तापाने गेली.

त्यानंतर एका कापडात गुंडाळून मला कपाटाच्या खणात ठेवले गेले. सुया, बटणे आणि तुटका चष्मा यांच्या संगतीत मी अडतीस वर्षे काढली. विस्मरण दुःसह असते. पण मला पुन्हा कुणी बाहेर काढू नये, असेही मला वाटत असे.

तरी काढलेच. त्या पहिल्या मुलाला मुलगी झाली. तिला सगळे टिल्ली म्हणतात. कातारी आता आजोबा झाला आहे. त्याची दृष्टी मंदावली असली तरी बोटे शाबूत आहेत. मला देण्यापूर्वी त्याने माझ्या अंगावरून अंगठा फिरवला, कुठे चीर नाही याची खात्री केली आणि सुनेला बजावले, "उकळू नकोस हं याला. लाकूड तडकतं. धू, पूस आणि वाळव. आणि ती चघळत असताना तिच्यापासून हलायचं नाही."

"तुमच्या कड्याचे नियम माझ्या ऑफिसातल्यापेक्षा जास्त आहेत, बाबा," ती हसून म्हणाली.

टिल्लीने मला पहिल्याच दिवशी चिंब केले. पंधरा दिवस असे आनंदात गेले. मग एका सोमवारी तिचे तोंड मला ऊन लागले. मंगळवारी अधिकच.

"आई, अंग फार तापलंय हो. मघापासून कानाशी हात नेतेय. डॉक्टरांकडे जाऊ या का?" सून म्हणाली.

"अगं, दातांचंच आहे. तुझ्या नवऱ्यानं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. कडं दे, बघ कशी गप्प होते."

बुधवारी दुपारी टिल्ली खरोखरच गप्प झाली. तिने मला चावले नाही. मी नुसते तिच्या ओठांत अडकून होते. तिची जीभ मला खरखरीत लागत होती. मित्रांनो, मला सारे उमगले होते, परंतु लाकडाला कंठ नसतो. आणि आजी तेच म्हणाली जे मी पूर्वी ऐकले होते, "बघ, लाळही थांबली. उतार पडला."

आजोबा शेजारीच बसला होता. गार पाण्यात बुडवून आणण्यासाठी त्याने मला तिच्या ओठांतून काढून घेतले. त्याचा अंगठा माझ्यावर थांबला. एकदा फिरला. पुन्हा फिरला.

"हे कोरडं कसं?" त्याने विचारले.

"म्हटलं ना, लाळ थांबली."

"दात येणाऱ्या पोराच्या तोंडातून लाकूड कोरडं येत नाही." त्याचा आवाज बदलला होता. "आणि हे तापलंय. असं तर ते लेथवर तापतं. सूनबाई, चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता निघायचं."

"अहो, पण..."

"अशीच लाळ थांबली होती गं," तो बायकोकडे वळून म्हणाला. आजीने टिल्लीला उचलून सुनेच्या हाती दिले.

मी त्याच्या मुठीतच दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी टिल्लीचे कान पाहिले, जीभ पाहिली. "कानात पू झालाय. अंगातलं पाणीही कमी झालंय. दातांनी हिरड्या दुखतात, मूल किरकिरतं, लाळ गळते. एवढा ताप दातांचा नसतो. आज आणलंत ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं." तिला तिथेच ठेवून घेतले. आजोबाची मूठ इतकी घट्ट होती, की मला वाटले मी तडकणार.

चौथ्या दिवशी टिल्ली घरी आली. संध्याकाळी ओट्यापाशी उभ्या असलेल्या आजीने हलकेच विचारले, "छकुलीचंही तसंच असेल का हो?"

"काय होतं ते आता कोण सांगणार?"

"मी कडं डोळ्यांना लावलं होतं."

"मीही तिथंच होतो," आजोबा म्हणाला, आणि त्याने मला तिच्या हाती दिले. तिने मला धुतले, पुसले आणि खिडकीत वाळत ठेवले. तेवढ्या कामाला तिला बराच वेळ लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटे भावंड असेल तर माझे एवढे ऐका. त्याच्या हिरड्या शिवशिवत असतील तर धुतलेल्या बोटाने हळुवार चोळाव्यात, माझ्यासारखे गार कडे द्यावे. माझे तेवढेच सामर्थ्य आहे. त्यापुढचे श्रेय मला देऊ नका. बाळ शांत झाले म्हणून निश्चिंत होण्याआधी त्याच्या अंगाला हात लावा, आणि ते तापलेले असेल तर थोरांना सांगा. त्यांनी ऐकले नाही, तर पुन्हा सांगा. तुम्हाला कंठ आहे.

काल माझ्या काठावर नवा ओरखडा उमटला. आजोबाने अंगठ्याने तो शोधला आणि आजीचे बोट धरून त्यावर टेकवले. तिचे बोट पुढे सरकत तिच्या मुलाच्या जुन्या खुणेपाशी गेले. या दोन खुणांमध्ये जी गुळगुळीत जागा आहे, जिथे छकुलीचा दात कधी उमटलाच नाही, तिथे ते बराच वेळ थांबले.