भरल्या वांग्यांची परीक्षा

आमच्या ह्यांच्या तोंडून माझ्या स्वयंपाकाचं कौतुक ऐकायला मी एकतीस वर्षं थांबले, आणि ते ऐकायला मिळालं तेव्हा दोनच दिवस गोड लागलं.

हे मसाल्याच्या कारखान्यात चव बघायला असतात. रोज सकाळी मसाल्याचा नवा घाणा चमच्याने जिभेवर ठेवायचा आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच काम. पण ती मेली जीभ संध्याकाळी घरी आल्यावरही कामावरच असायची. आमटी वाढली की, "हिंग फोडणीत उशिरा पडला." खीर केली की, "वेलची जुनी आहे." एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, आता नुसतं पाणी प्या, त्यात काही खोड निघते का बघा. प्यायले आणि म्हणाले, "पिंप घासायला झालंय."

मग ह्यांना ताप आला. आठवड्याने उतरला, आणि तेव्हापासून पानात काहीही वाढा, "छान झालंय." पहिले दोन दिवस मी हवेत होते. शेजारणीला मुद्दाम बोलावून ऐकवलं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ घालायला विसरले, तरी छानच! मी हातातला घास ताटात ठेवला. चव गेली होती, की अशक्तपणामुळे भांडायचं त्राण नव्हतं? विचारायची हिंमत होईना. असे तीन आठवडे गेले. सोमवारी रजा संपणार होती. जीभच बंद पडली असेल तर हा माणूस कारखान्यात चमचा धरून करणार काय?

म्हणून रविवारी दुपारी ह्यांना ओढतच हॉटेलात नेलं आणि भरली वांगी मागवली. जीव गेला तरी भरलं वांगं हॉटेलात खाऊ नये, हे ह्यांचं ठाम मत. सासूबाईंच्या हाताखाली शिकून मी केलेलं वांगंसुद्धा ह्यांनी आजवर कधी पास केलेलं नव्हतं. इथे खोड निघाली नाही, तर समजायचं, जीभ गेली.

वांगी आली. देठासकट, गुबगुबीत, सारण काठोकाठ, वर तेलाचा तवंग. वास असा की शेजारच्या टेबलावरचा माणूस स्वतःचं जेवण सोडून आमच्या ताटात डोकावायला लागला. मी भाकरी मोडलीसुद्धा नाही. ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

हे सावकाश चावत होते. मग कपाळाला आठी पडली. अहाहा, काय ती आठी!

"दाण्याचं कूट कच्चं राहिलंय," हे म्हणाले. "आणि मीठ कमी."

"देवा रे!" मी टाळीच वाजवली आणि आनंदाच्या भरात वेटरला हाक मारली. "ओ भाऊ, स्वयंपाकघरात सांगा, कूट कच्चं आहे म्हणावं. आमचे हे कुणी ऐरेगैरे नाहीत!"

"अगं, राहू दे ना," हे माझा पदर ओढत म्हणाले. मी कसली ऐकते!

दोन मिनिटांत आतून एक बाई हात पुसत आल्या. त्याच स्वयंपाक करत होत्या. चिडल्या नव्हत्या, उलट गोंधळल्या होत्या.

"काका, कूट कुठलं? आम्ही दाणे घालतच नाही. तीळ आणि सुकं खोबरं असतं."

मी घाईघाईने घास घेतला. तीळ! धडधडीत तीळ. शेंबड्या पोरालाही कळले असते. जिभेचा पगार घेणाऱ्या माणसाला कळले नव्हते. डोळ्यांनी बघितलं आणि सवयीने नापास केलं.

"खोटारडे!" मी भर हॉटेलात ओरडले. "मला फसवता?"

"तीन आठवडे तू माझ्या तोंडाकडे टक लावून बसलीयस," हे खाली मान घालून म्हणाले. "म्हटलं, खोड काढली तर तुला बरं वाटेल." मग हळूच म्हणाले, "काही कळत नाही गं. गरम कळतं, मऊ कळतं. बाकी सगळा कापूस. उद्या तिथे जाऊन मी कोण म्हणून उभा राहू?"

मला रडू आलं आणि रागही आला. माझं नेहमी असंच, दोन्ही एकदम. रडत रडत मी दुसरा घास घेतला, कारण खरं सांगते, वांगं झकास होतं.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं.

"फक्कड."

"फक्कड ही काय चव झाली? तिखट आधी लागतं की मागून?"

"मागून. घशाशी."

"गोडवा?"

"आहे थोडा. पण सारणात नाही... थांबा." मी रस्सा चाटून बघितला. "रश्श्यात आहे."

"तीळ कडवट?"

"अजिबात नाही."

हे डोळे मिटून बसले. "म्हणजे मिरची बेताची, मिरी जास्त. गूळ वांगी शिजताना पाण्यात सोडलाय. आणि तीळ खोबऱ्याबरोबर नाही, वेगळे भाजलेत, मंद आचेवर."

परत निघालेल्या बाई जागच्या जागी थांबल्या. "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिने," हे म्हणाले.

मी? मी तर नुसती जेवत होते! पण खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली माझी.

"उद्या साहेबांना खरं सांगून टाकतो," बाई आत गेल्यावर हे म्हणाले. "चमचा दुसऱ्या कुणाला तरी द्या, मी शेजारी बसून विचारतो, म्हणेन. ठेवलं तर ठेवलं."

"मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"ऐनवेळी कच खाल्लीत तर?"

हे हसले. ताप आल्यापासून पहिल्यांदाच. मग स्वतःच्या ताटातलं उरलेलं वांगं त्यांनी माझ्या ताटात सरकवलं.

"घे," हे म्हणाले. "पण अशी गिळू नकोस. नीट चाव, आणि बोल."