मोहर्लीची ऑर्डर

"रामाजीभाऊ, माह्यावर कोणता राग काढून राह्यले तुमी?" रोशननं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. "मोहर्ली शेवटी टाकली. पावणेसातले मले त्या वाघाच्या जंगलातून गाडीवर पाठवता का?"

"मी नाई टाकली. कंप्युटरनं टाकली."

"मंग त्याले म्हणा, माह्या मागं बस."

रॅकमागून करिष्मा हसली.

चंद्रपूरला मूल रोडवर आमचं गोदाम आहे. तीन वाजेपर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी घरी पोचवायची. करिष्मा रॅकवरून सामान काढते, मी तपासून पिशव्या लावतो आणि रोशनसारख्या पोचवणाऱ्या पोरांनी कुठून कुठं जायचं ते सांगतो. खरं तर स्क्रीनच सांगते. तिला किलोमीटर कळतात. अंधार पडला की त्या रस्त्यावर दुचाकी सोडत नाहीत, हे कळत नाही. मोहर्ली आधी लावली तर शहरातल्या अकरा पिशव्यांना उशीर.

नागपूरच्या साहेबांना फोन केला. "उद्यावर टाका," म्हणाले.

टाकणारच होतो. तेवढ्यात पिशवीत काय आहे ते दिसलं. मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट, लार्ज. ऑर्डर पुण्याच्या मुलानं केलेली, पत्ता गावाकडच्या बापाचा. माझं बोट थांबलं. माझ्या बायकोला, रंभाला, जाऊन पाच महिने झाले.

मी बापाला फोन लावला.

"हो, पोरगा काईतरी पाठवतो म्हणे," म्हातारा म्हणाला. "त्याच्या मायची कमर मोडली ना. काल दवाखान्यातून आणली. होत्या तेवढ्या चादरी धुतल्या, वाळल्याच नाई. आता रातच्याले काय टाकू?"

"बाई अंगानं कशा आहेत?"

"कशी राहीन? पहिले चांगली धिप्पाड होती. आता काडी झाली."

मुलानं आठवणीतल्या आईचं माप टाकलं होतं. मीही पहिलं पाकीट रंभाच्या जुन्या अंगाचंच आणलं होतं. रात्रभर गळत राहिलं, आणि ती मलाच म्हणत राहिली, तुमाले तरास देऊन राह्यली.

"करिष्मा, मीडियम काढ."

"ऑर्डर लार्जची आहे भाऊ. स्कॅन नाई होणार."

"माह्या नावावर काढ. ते रद्द कर."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मीडियम आणून दिलं.

रोशननं मला बसस्टँडवर सोडलं. मोहर्लीची एसटी लागलेली होती. कंडक्टर अल्ताफ ओळखीचा.

"काय आहे? कोंबडी?"

"कोंबडी असती तं वरडली नसती का?"

"तरी? पार्सल म्हटल्यावर सांगा लागते."

मी सांगितलं. त्यानं पिशवी घेऊन आपल्या सीटखाली ठेवली.

"म्हाताऱ्याले स्टॉपवर याले सांगा."

"घरी बाई एकटी आहे. तो कसा येईन?"

"मंग घर सांगा. गाडी दारात थांबवतो."

गोदामात परतलो तर स्क्रीनवर त्या ऑर्डरपुढं रद्दची लाल खूण. साहेबांचा फोन आला, बराच वेळ बोलले. मी हो म्हणत राहिलो. चहा निवून गेला होता, तसाच प्यालो.

साडेसहाला म्हाताऱ्याचा फोन आला.

"भेटलं भाऊ. पण हे घालाचं कसं? पोराले विचाराले लाज वाटते."

मी दोन रॅकच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"पहिले दोन पायांच्या मधात उशी ठेवा. मंग तिले कुशीवर करा, मोडली ती बाजू वर. घाई नका करू. मागून अर्धं सारा, मंग हळूच उताणी करा."

"घट्ट बांधू?"

"दोन बोटं गेली पायजे. आणि काय करून राह्यले ते तिले सांगत जा. न सांगता हात नका लावू."

"बरं. थांबा हं."

त्यानं फोन कुठंतरी ठेवला. खाटेचा आवाज आला. बाई कण्हली. मग बायकोला नावानं हाक मारणारा त्याचा आवाज, लहान मुलाशी बोलावा तसा. "सुकरे, आता वळवतो हं. पकड माह्या गळ्याले."

करिष्मा खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिनं हात थांबवला.

मी फोन कानाशी धरून उभा राहिलो. मधेच त्यानं काही विचारलं असतं, तर सांगायला कोणीतरी हवं होतं.