कामाचा हात

दार मोडायच्या आत तिने बाळाला कपाटात ठेवलं. खालच्या कप्प्यात, चादरींच्या घडीवर, आणि कपाटाचं दार बोटभर उघडं सोडलं. बाळ पोटभर दूध पिऊन गाढ झोपलं होतं, तेवढंच नशीब.

मग कडी निखळली आणि तिघेजण आत घुसले. तोंडं रुमालांनी बांधलेली. पहिल्याने तिच्या नवऱ्याच्या पोटात लाथ घातली, दुसऱ्याने केस धरून त्याचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. तो कोसळला तरी ते थांबले नाहीत. भरदुपार होती, जिन्यातली दारं एकामागून एक बंद होत गेली. कोपऱ्यातलं नेटच्या तारा जोडायचं मशीन फरशीवर आदळून फुटलं, तारेची रिळं पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली. तिने तवा उचलून एकाच्या पाठीत घातला, तसं त्याने तिला भिंतीवर फेकलं.

तिसरा उंबऱ्यातच उभा होता. चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच, हातात हातोडा.

"कामाचा हात म्हणालेत मालक," पहिला धापा टाकत म्हणाला.

"माहितीये मला. उजवा धर." तिसरा म्हणाला, आणि मग तिच्याकडे न बघता, "वहिनी, आत जा."

ती गेली नाही. त्यांनी हात ओढून फरशीवर पसरला, मनगटावर पाय दिला. हातोडा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. हाडांचा आवाज फारसा झाला नाही. नवऱ्याच्या किंकाळीने मात्र कपाटातलं बाळ जागं झालं.

तिला वहिनी म्हणणारा एवढा उंच माणूस एकच होता. संध्याकाळी, रक्ताने भरलेल्या कपड्यांनिशी, तिने पोलीस ठाण्यात लंबूचं नाव दिलं, आणि रात्रीच पोलिसांनी त्याला उचललं.

लंबू आणि तिचा नवरा एकाच शिडीवर वाढले म्हणायला हरकत नव्हती. मालकाची कंपनी घरोघरी नेट द्यायची. लंबू तार ओढायचा, नवरा जोड मारायचा: केसाएवढ्या काचेच्या तारेची दोन टोकं पुसून, कापून अशी जुळवायची की उजेड न अडखळता पार जावा. वसाहतीत मालकाशिवाय दुसरं नेट नव्हतंच. ते बंद पडलं की लोक मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि महिना भरला की मुकाट पैसे भरत, जातील कुठे? मग नवी कंपनी आली. नवरा तिकडे गेला, लंबू मालकाकडेच राहिला. बघता बघता अर्धी वसाहत नव्या तारेवर आली. आधी त्या तारा कापल्या गेल्या, मग खांबावरच्या पेट्या जळाल्या, आणि आता माणसांची पाळी आली होती.

नव्या कंपनीच्या साहेबाने फोनवर खूप हळहळ केली आणि वसाहतीतलं काम तूर्तास थांबवलं. शेजारीण दवाखान्यात दूध घेऊन आली. जाता जाता, नजर चुकवत, तिने सांगून टाकलं की त्यांच्याकडे पुन्हा मालकाचंच नेट घेतलं. मुलांचा अभ्यास अडतो, काय करणार.

ऑपरेशननंतर नवऱ्याला नीट शुद्ध आली तेव्हा त्याने पहिलं तेच विचारलं.

"तू नाव दिलंस त्याचं?"

"दिलं. फासावर गेला तरी मला काही वाटायचं नाही."

बाळ नवऱ्याच्या कुशीत चुळबुळत होतं, टोपीची नाडी सुटली होती. त्याने ती एका हाताने बांधायला घेतली. बोटांत धरून, अंगठ्याने वळवून, अगदी सहज. ती बघत राहिली. डावा हात. याच हाताने जेवतो म्हणून लहानपणी त्याने आईच्या चापट्या खाल्ल्या होत्या. याच हाताने तो सही करायचा, याच हाताने तारेची टोकं जुळवायचा.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

"इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्लाय. माझं कोपर लागतं म्हणून रोज भांडायचा."

मालकाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो कधी शिडीखाली उभा राहिला नव्हता. आणि लंबू नाही म्हणाला असता तर हातोडा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता.

ती उठलीच. आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाते, म्हणाली, सगळं सांगते, त्याला सोडवून आणते.

"काय सांगशील? भलताच हात मोडला म्हणून?"

ती परत स्टुलावर बसली. ठाण्यात बोललेलं संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर जाणार होतं. मग डाव्या हातासाठी कुणीतरी येणार, आणि लंबूचं काय करतील ते तिला मनातसुद्धा आणवेना.

ठाण्यात जबाबाला दोघांना बोलावलं तेव्हा मालकाचा माणूस फौजदार साहेबांच्या टेबलाशी चहा पीत बसला होता. कंपनीचा काही संबंध नाही, या दोघा मित्रांचंच काहीतरी जुनं भांडण असेल, असं सांगून झालं होतं. लंबू भिंतीशी उकिडवा बसला होता. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मालकाने त्याच्यासाठी वकीलही दिला नव्हता.

साहेबांनी जबाब वाचून दाखवला. मालकाच्या माणसाने कप खाली ठेवला आणि मोठ्या मायेने विचारलं, आता जोडकामाचं कसं व्हायचं?

"संपलं ते. उजवा हातच गेला," ती म्हणाली. "राहिलं काय आता?"

लंबूचा उघडा डोळा क्षणभर मिटला.

कायमचा अधू केला म्हणजे शिक्षा वाढणार, असं पुटपुटत साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग कागद फिरवून पेन पुढे केलं. नवऱ्याचा डावा हात सवयीने उठला. तिने तो वरच्या वर पकडला.

"त्यांना डाव्याने लिहिता येत नाही. अंगठा घ्या."

अंगठा उमटला. पण मालकाचा माणूस कागदाकडे बघतच नव्हता. तो त्या हाताकडे बघत होता.

तिने कडेवरचं बाळ नवऱ्याच्या डाव्या हातावर टाकलं, म्हणजे तो अडकून राहील. मग भिंतीशी गेली आणि सगळा जोर काढून लंबूच्या थोबाडीत मारली. ओठ पुन्हा फुटला, रक्त तिच्या बोटांना लागलं. माझ्या लेकराच्या तोंडचा घास काढलास, असं काहीतरी ती ओरडत होती. हवालदार पुढे झाला, साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं.

लंबूने मान खाली घातली.

"अजून बघतोय तो, वहिनी," तो तिच्यापुरतं बोलला. "आणखी एक."

तिने मारली.