पडून दिसेल असं

सरोजिनी मुळेगावकर बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना बाई म्हणूनच ओळखत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या आणि उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. पाठीचे दोन मणके दबले. ऑपरेशनची गरज नाही, पण बारा आठवडे पाठीवर सरळ झोपून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुशीवर वळवायचं तर दुसऱ्याने वळवायचं, आणि तेही थोडा वेळ.

त्यांचा मुलगा अवधूत सात रस्ता चौकाजवळच्या एका बँकेत होता. त्याची बायको पुण्याला नोकरीत, महिन्यातून दोनदा यायची. त्याने भाड्याने दवाखान्यातली चाकांची कॉट आणली, ती पुढच्या खोलीत पंख्याखाली लावली आणि दिवसभरासाठी एक बाई ठेवली. तिचं नाव रत्नम्मा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कन्नड. नवरा यंत्रमागावर, राहायला कुंभारीच्या वसाहतीत. सकाळी नऊला यायची आणि संध्याकाळी अवधूत आला की सहाच्या बसने जायची. पस्तिशीची, कमी बोलणारी, हाताला चांगली. पाठीला पावडर लावताना, चादर बदलताना बाईंना कधी दुखवलं नाही तिने.

आई कंटाळली असेल, हे अवधूतला कळत होतं. टीव्ही भिंतीवर होता, पण त्याच्याकडे पाहायला मान उचलावी लागायची, तीच बंद. मोबाईल तोंडासमोर धरला की हात भरून यायचे. शेवटी त्याने ऑफिसातल्या एकाकडून जुना प्रोजेक्टर आणला. चित्र छतावर पाडायचं, आई आरामात बघेल, असा त्याचा विचार. आईला त्याने आधी काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी त्याने कॉटच्या पायथ्याशी टेबल ठेवलं, प्रोजेक्टरच्या पुढच्या पायांखाली टेलिफोनच्या दोन जुन्या डिरेक्टऱ्या सारल्या आणि तोंड वर केलं. चित्र छतावर पडलं, पण खाली अरुंद, वर पसरट. मधे पंखा. पात्यांच्या सावल्या चित्रावरून गरागरा फिरू लागल्या. त्याने पंखा बंद केला. एप्रिल अर्धा उलटला होता, बाहेर बेचाळीस होतं. पाच मिनिटांत बाईंच्या मानेखालची उशी ओली झाली. त्याने कीर्तनाचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं. पायथ्याशी उभं राहून, वर बघत, बटणं दाबून दाबून त्याने चित्र सरळ केलं आणि विचारलं, दिसतंय का नीट.

बाई म्हणाल्या, "बंद कर. डोळे फिरतात."

अवधूतने बंद केलं. त्याला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. दोन दिवस त्याने तो विषय काढला नाही. मग बँकेच्या ट्रेनिंग हॉलमध्ये ज्याने प्रोजेक्टर बसवला होता त्या शिवराजला फोन केला. शिवराज वळसंगचा. शाळा, क्लासेस, मंगल कार्यालयं, कुठेही पडदा आणि प्रोजेक्टर बसवायचं काम करायचा. चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, त्या दिवशी अकराला येतो म्हणाला, आणि खरंच अकराला आला.

खोलीत आल्यावर त्याने आधी पिशवी खाली ठेवली, बाईंना नमस्कार केला आणि टेप काढली. जमिनीपासून छत किती, पंख्याची पाती कुठून कुठपर्यंत, कॉट भिंतीपासून किती लांब, सगळं मोजून त्याने खिशातल्या वहीत लिहिलं. अवधूत रविवारी काय काय केलं ते सांगत होता. शिवराजने ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातली चटई उचलली, कॉटला लागून अंथरली आणि त्यावर चक्क उताणा पडला.

अवधूत बघत राहिला. रत्नम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिने तोंडाला पदर लावला.

"काय झालं?" अवधूतने विचारलं.

"काय न्हाय, बगतोय," शिवराज पडल्या पडल्या म्हणाला. "आमचा आप्पा लिंबावरनं पडला हुता. नऊ महिने पडून. त्यो म्हनायचा, येनारा माणूस उभा ऱ्हाऊन बोलतो, मला त्याच्या नाकपुड्याच दिसत्यात."

बाई हसल्या. पडल्यापासून त्यांना मोठ्याने हसायची भीती वाटायची, पाठीत कळ यायची. तरी हसल्या.

शिवराजने अवधूतला रविवारसारखंच सगळं लावायला सांगितलं. चित्र पडलं. शिवराज खालून म्हणाला, हे तर उलटं आहे. अवधूत म्हणाला, सरळ आहे की. मग त्याच्या लक्षात आलं. तो पायथ्याशी उभा होता. त्याला जे सरळ दिसत होतं ते कॉटवर झोपलेल्या माणसाला डोक्यावर उभं दिसत होतं. रविवारी पाऊण तास त्याने आईसमोर कीर्तनकाराला उलटं टांगून ठेवलं होतं.

"तू सांगितलं का नाहीस?" त्याने आईला विचारलं.

"तू एवढा घामाघूम झाला होतास," बाई म्हणाल्या.

शिवराज उठला. पंखा हलवता येणार नाही आणि बंदही करता येणार नाही, तेव्हा कॉटच हलवायची, असं त्याने ठरवलं. उशाकडे भिंत आणि कॉट यांच्यामध्ये एक लोखंडी ट्रंक होती. ती बाहेर काढली की तीन फूट जागा मिळत होती. अवधूत आणि त्याने ट्रंक उचलून ओसरीत नेली. मग चाकांचे ब्रेक काढून कॉट सावकाश मागे सरकवली. रत्नम्मा बाईंचे खांदे धरून चालली. पंखा आता बाईंच्या गुडघ्यांवर आला आणि तोंडाच्या वरचं छत मोकळं झालं. वारा कमी झाला म्हणून खिडकीतल्या कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

दुसरी अडचण प्रोजेक्टरची होती. चित्र सरळ वर पाडायचं तर प्रोजेक्टर शेपटीवर उभा करावा लागेल, आणि हा दिव्याचा जुना प्रोजेक्टर, असा उभा चालवला तर तापून दिवा जाईल, असं शिवराजने सांगितलं. त्याने घरात एखादा आरसा आहे का विचारलं. रत्नम्माने मोरीजवळचा दाढीचा आरसा काढून आणला. शिवराजने कॉटशेजारी, उशीच्या बाजूला स्टूल ठेवलं, प्रोजेक्टर त्यावर आडवा ठेवला आणि त्याच्या तोंडासमोर आरसा तिरका बसवला. पाठीमागे लाकडाचा तुकडा, बाजूंना चिकटपट्टी. प्रकाश आरशावर पडून सरळ वर गेला. छतावर चार फुटांचं स्वच्छ चौकोनी चित्र उमटलं. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली होती. ती त्याने सेटिंगमध्ये जाऊन पालटली. मग पुन्हा चटईवर पडला, डोकं बाईंच्या डोक्याच्या रेषेत घेतलं, उठला, स्टूल हातभर फिरवलं, पुन्हा पडला. असं चार वेळा झालं. खडूने त्याने स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर खुणा केल्या.

अवधूतने कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावायला मोबाईल काढला. शिवराजने त्याला हाताने थांबवलं आणि बाईंना विचारलं,

"बाई, तुमाला काय बगायचं हाय?"

बाईंनी रत्नम्माकडे डोळे वळवले. रत्नम्मा मान हलवत होती, नको नको म्हणून.

"रत्नम्माची वही," बाई म्हणाल्या.

अवधूतला काही कळलं नाही. मग बाईंनी सांगितलं. रत्नम्मा नववीत असताना तिचं लग्न झालं, शाळा सुटली. आता वसाहतीत अंगणवाडीत मदतनीस घेतात, तिथे शिक्षण विचारतात. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून पुढच्या मार्चला बाहेरून दहावी द्यायची होती. बाकीचे विषय ती रेटून नेईल, गणिताची भीती होती. एक दिवस बाईंचे पाय दाबता दाबता तिने हे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन त्यांचा तास सुरू झाला. बीजगणित तोंडी चालायचं. भूमितीला मात्र अडायचं. आकृती दाखवायला रत्नम्मा वही दोन्ही हातांनी बाईंच्या तोंडावर धरायची. हात थरथरायचे, वही जवळ आली की बाईंना धूसर दिसायचं, लांब नेली की रेषा दिसायच्या नाहीत. आणि काढून झालेली आकृती बघून उपयोग काय, कुठे चुकतंय ते काढताना बघायला हवं, असं बाईंचं म्हणणं होतं.

रत्नम्मा घाईघाईने म्हणाली, "दादा, बाईंचं सगळं आवरल्यावरच बसते. काम सोडून नाही केलं कधी."

तिला वाटलं होतं, आता हा रागावेल, किंवा उद्यापासून येऊ नको म्हणेल. अवधूतच्या मनात वेगळंच चाललं होतं. आईचे सात आठवडे छताकडे बघण्यात गेले असं तो धरून चालला होता. रोज घरी आल्यावर तो जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच विचारायचा. दुपारी दोन ते तीन या घरात शाळा भरते हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते सांगावं असं आईला वाटलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तिने सांगू नका म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि तू म्हणाला असतास, आई, तू आराम कर."

ते खरं होतं. त्याने तेच म्हटलं असतं.

शिवराज या सगळ्यात पडला नाही. त्याने पिशवीतून वाकणाऱ्या मानेचं एक स्टँड काढलं, त्यात अवधूतचा मोबाईल आडवा अडकवला, मागच्या कॅमेऱ्याचं तोंड खाली. वायर प्रोजेक्टरला जोडली. स्टँडखाली पाट ठेवला आणि पाटावर वही. छतावर वहीचं पान आलं, निळ्या रेघांसकट, आणि पानाच्या कडेला रत्नम्माचा अंगठा केवढा तरी मोठा. तिने तो पटकन मागे घेतला. शिवराज तिच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलला, तशी ती थोडी सैल झाली. नंतर कळलं, तो म्हणाला होता की त्यालाही गणितात दोनदा गटांगळी खावी लागली होती.

"साठ अंशांचा कोन काढ आणि दुभाग," बाई म्हणाल्या.

रत्नम्मा पाटासमोर मांडी घालून बसली. कंपास घेतला. छतावर तिचा हात, पेन्सिलीचं टोक, सगळं दिसत होतं. कोन आखून झाल्यावर तिने शिरोबिंदूवर टोक ठेवून दोन्ही भुजांना छेदणारा कंस काढला. मग एका छेदनबिंदूवर टोक ठेवून आतल्या बाजूला कंस मारला. दुसऱ्या बिंदूवर गेली.

"थांब," बाई म्हणाल्या. "हात उचलू नकोस. कंपास बघ. तोंड रुंदावलंय."

रत्नम्माने बघितलं. कंपासचा स्क्रू ढिला होता. एका बिंदूवरून दुसऱ्यावर नेताना तो केसभर उघडत होता. महिनाभर तिचे दुभाजक एका बाजूला झुकत होते ते याच कारणाने. बाईंनी तिच्याकडून दहा वेळा पायऱ्या पाठ करून घेतल्या होत्या. पायऱ्या बरोबर होत्या.

शिवराजने कंपास मागितला, आपल्या लहान स्क्रू ड्रायव्हरने तो पिळून घट्ट केला आणि परत दिला. तिने नवीन पानावर पहिल्यापासून कोन काढला. या वेळी दोन्ही कंस बरोबर जिथे भेटायचे तिथे भेटले. तिने पट्टी लावून रेघ ओढली आणि वर छताकडे बघितलं. बाईंनी ती रेघ टोकापर्यंत बघितली.

"कोनमापक लाव," त्या म्हणाल्या. दोन्हीकडे तीस आले.

शिवराज जेवायला थांबला नाही, दुसरं काम होतं. जाताना त्याने अवधूतला दाखवलं, दिवा तासभर चालला की पंधरा मिनिटं बंद ठेवायचा, आरसा रोज कोरड्या फडक्याने पुसायचा. स्टँड तो तिथेच ठेवून गेला, लागेल तेव्हा नेईन म्हणाला.

सोमवारपासून अवधूतने आपला जुना मोबाईल घरीच ठेवायला सुरुवात केली, तासासाठी. कीर्तनही लावलं जायचं, सकाळी. दुपारी भूमिती. मे महिन्यात दोनदा लाईट गेली आणि दोनदा आरसा निसटला, पण रत्नम्मा आता स्वतः चटईवर पडून चित्र नीट लावायला शिकली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बाईंना पट्टा बांधून बसवलं. पहिल्या दिवशी त्यांना चक्कर आली, तिसऱ्या दिवशी त्या वीस मिनिटं बसल्या. मग चित्र छतावरून भिंतीवर आलं, आणि पुढे तेही लागेना, रत्नम्मा शेजारी बसू लागली.

बाई हिंडूफिरू लागल्या तरी अवधूतने तिला दिवसाचं काम चालू ठेवायला सांगितलं. ऑगस्टमध्ये फॉर्म भरायचे दिवस आले. शाळा सोडल्याचा दाखला रत्नम्माच्या माहेरापुढच्या गावातल्या शाळेत होता, आणि तिथले मुख्याध्यापक दोनदा भेटले नव्हते. अवधूतने एक दिवस रजा काढली आणि तिला स्कूटरवर घेऊन गेला. दाखला मिळायला दुपार झाली. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं, लग्नाआधीचं. ते तिने एकदा वाचून बघितलं. मग तिने तो कागद पिशवीत वहीच्या पानांमध्ये नीट ठेवला आणि अवधूतला म्हणाली की परतताना वाटेत माहेर लागतं, आईला पाच मिनिटं भेटता येईल का. अवधूतने स्कूटर तिकडे वळवली.