गुरुवारची तहानलेली मंडळी

क्लबचा मालक आर्मेन बाल्यानने बारच्या फळीवर फडकं आपटलं आणि बँडवाल्या व्हर्न हॅस्केलला विचारलं, "तुझी माणसं उंट आहेत का रे?"

"आता काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? क्लब भरून माणसं येतात, घामाघूम होईस्तोवर नाचतात, आणि पितात काय? पाणी! तेही नळाचं. आता तर घरनं बाटल्या भरून आणतात. वर पाय सरकावेत म्हणून माझ्या फरशीवर लहान मुलांची पावडर ओततात, ती पुसायची मी. आज बार चालला तर ठीक, नाहीतर पुढच्या गुरुवारपासून इथे कॅराओके. बेसूर गातात मेले, पण धीर यावा म्हणून पितात तरी."

व्हर्नने कपाळाला हात लावला. दोन वर्षांपूर्वी अख्ख्या कॅलिफोर्नियाला स्विंगचं, म्हणजे आजोबांच्या काळातल्या नाचाच्या जॅझचं, वेड लागलं होतं. जो तो आजोबांची हॅट घालून फिरत होता आणि व्हर्नच्या बँडला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याआधी कित्येक वर्षं त्याने हेच संगीत लोकांना फुकट ऐकवलं होतं, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. मग वेड आलं तसं गेलं, हॅटा कपाटात गेल्या, आणि ग्लेनडेलमधला हा एक गुरुवार तेवढा उरला. बारा वादकांना बांधून ठेवणारी तेवढीच दोरी. ती तुटली की ट्रम्पेटवाले लग्नांत वाजवायच्या मागे लागणार, सॅक्सोफोनवाले घरी बसणार, आणि व्हर्नपाशी राहणार एक ट्रॉम्बोन. एकट्या ट्रॉम्बोनने काय घंटा बिग बँड होतो!

"हळू वाजवायचं," त्याने ड्रमवाल्या लू पाचेकोला बजावलं. "कंटाळतील, बसतील, बसले की काहीतरी मागवतील."

"हळू? मी?"

"हो, तू! जन्मात एकदा तरी!"

लूला मुळात धीर नव्हता. बँडची एकुलती एक सीडी निघाली, तीत हा प्राणी असा सुटला होता की बाकीचे अकरा जण बस चुकल्यासारखे त्याच्या मागे पळत होते. व्हर्नला ती सीडी डोळ्यांसमोर नको असायची.

लूने कसंबसं आवरलं. पण नाचणारे बसतात कुठले! एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून ते संथ झुलत राहिले. मग व्हर्नने उलटी युक्ती केली. इतकं जलद वाजवायचं की दम लागून सगळे बारकडे धावले पाहिजेत. दम लागला, धावलेही; पण भिंतीशी ठेवलेल्या आपापल्या बाटल्यांकडे. आर्मेन हाताची घडी घालून बघत होता. शेवटी व्हर्नने माइकपुढे हात जोडले, "मंडळी, बारवर काहीतरी घ्या हो!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

नाच शिकवणारी डेनीस तेवढी मंचापाशी आली. "व्हर्न, रागावू नका. पिऊन गिरकी घेतली तर कुणाचं तरी हाड मोडेल."

"मग सरबत घ्या! सोडा घ्या!"

"साखरेने जड वाटतं हो."

व्हर्नचं डोकं फिरलं. "प्रत्येकाच्या हातात विकतचा ग्लास दिसल्याशिवाय हा बँड वाजणार नाही!" त्याने ट्रॉम्बोन खाली ठेवला.

"बरं," डेनीस शांतपणे म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन शेजारच्या टायरच्या दुकानाच्या आवारात गेली. तिने गाडीची दारं उघडून सीडी लावली. नेमकी तीच, व्हर्नच्या बँडची. मजा बघायला वादकही एकेक करत बाहेर सटकले.

रिकाम्या क्लबात व्हर्न आणि आर्मेन उरले. ओरडून व्हर्नचा घसा सुकला होता.

"पाणी दे जरा."

आर्मेनने ग्लास हातात घेतला. "व्हर्न, इतकी वर्षं येतोयस. माझ्याकडे कधी काही विकत घेतलंयस?"

"मी दारू सोडलीय, तुला माहितीय."

"माहितीय. कॉफी? लिंबू सरबत?"

आर्मेनने ग्लासात बर्फ टाकला, लिंबाची चकती लावली आणि पाणी त्याच्यापुढे सरकवलं. "कॅराओकेवाल्याला हो म्हणून कळवतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बाहेर सीडी सुसाट सुटली होती. व्हर्नने पाणी संपवलं, ट्रॉम्बोन उचलला आणि तरातरा आवारात गेला. लू डेनीसबरोबर नाचत होता, आणि नाचतानाही पुढेच पळत होता.

"बंद करा ते! चुकीचं आहे ते!"

"आम्हाला आवडतं," डेनीस म्हणाली.

"मला नाही आवडत! लू, ड्रम आण बाहेर. आणि हळू! मी सांगतो तेवढंच!"

कुरकुरत सगळे आपापली वाद्यं घेऊन आले. टायरांच्या चळतींपुढे उभं राहून त्यांनी ती चीज पहिल्यांदाच नीट वाजवली. खाली पावडर नव्हती, चपला घासत होत्या, तरी एकही माणूस थांबला नाही. व्हर्नला स्वतःचीच कमालीची चीड आली, कारण त्याला फार बरं वाटत होतं.

"पुढच्या गुरुवारी काय?" डेनीसने धापा टाकत विचारलं.

"इथेच. टायरवाल्याच्या पाया मी पडतो," व्हर्न खेकसला. "आणि पाणी आपापलं आणा."