माझ्या पायाखालची दुसरी तार

मित्रांनो, मी टेलिफोनची एक म्हातारी केबिन आहे. हल्ली माझ्या पोटात कांद्याच्या गोण्या रचलेल्या असतात, त्यामुळे तुम्ही मला ओळखणार नाही. पण एके काळी समुद्रापारच्या आमच्या बेटावरच्या प्लेन दे पपाय गावातली सगळी गुपितं माझ्याकडे होती. निदान मी तरी तसं समजत होते.

१९७५च्या मोठ्या वादळात पडलेल्या झाडांच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. त्याच वर्षी हरिप्रसादच्या दुकानात टेलिफोन आला आणि काउंटरवर बसला. तांदूळ न्यायला आलेली माणसं तांदूळ घेऊन झाले तरी हलत नसत. कोण कुणाशी काय बोलतंय ते ऐकत उभी राहत. शेवटी टेलिफोन आत ठेवायला बलराम सुताराने मला बांधलं. भिंती दुहेरी केल्या, मधे साखरेच्या जुन्या गोण्या ठासल्या, मग हरिप्रसादला आत कोंडून ओरडायला सांगितलं आणि स्वतः बाहेर कान लावला. आवाज आला नाही. "आता कोन ऐकतो बघू," तो म्हणाला. मी जी फुगले, ती पुढची तीन वर्षं फुगलेलीच होते.

आमच्या गावात मराठी घरं थोडी. सगळा कारभार क्रिओल या इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत नाहीतर भोजपुरीत. त्यामुळे मराठी बायकांना काही नाजूक बोलायचं असलं की त्या आधी माझं दार लावत आणि मग मराठीत शिरत. आत कडी आणि वर भाषेचं कुलूप. हरिप्रसाद भोजपुरी बोलणारा. त्याची बायको पुष्पावती मराठी घरातली खरी, पण तिच्याशी कुणी मराठीत बोललं की ती हसून क्रिओलमध्ये सांगे, "मो पा कोंप्रां, मावसी." मला कळत नाही, मावशी. तिच्या वयाच्या बहुतेकांचं तसंच होतं, म्हणून कुणी मनावर घेत नसे.

बोलणं सुरू झालं की तारेत टिक् असा बारीक आवाज येई. मला वाटे, तारेची ती खोडच आहे.

१९७८च्या जून महिन्यात जमुना आली. उसाच्या मळ्यात राबणारी विधवा, पदरात एकच मुलगी, चंद्रिका. तिचं लग्न सांत्र द फ्लाक गावच्या एका घरात ठरलं होतं. जमुनेने दार घट्ट लावलं आणि बो बासेंला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, विद्यावतीला, फोन लावला.

"विद्या, डागतरानं छातीत गाठ हाय म्हनून सांगिटला. ओपरासियों कराय पायजे. पन लेकीचा मारियाज होऊ दे आधी. तिला कळला तर ती लगीनच करायची न्हाय. कुनाला सांगू नको."

टिक्, असं तार म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. आजही ते आठवलं की माझ्या फळ्या करकरतात.

आठवडा झाला नाही तोच मुलाकडून निरोप आला. आईला असा रोग, उद्या मुलीलाही होईल, लग्न राहू द्या. चंद्रिकेला आईचा आजार कळला तो असा, परक्याच्या तोंडून. मी हादरले. माझ्या भिंतींतून तर मुंगीही बाहेर गेली नव्हती!

जमुना धावत आली आणि तिने बहिणीला फोन लावला. "तुझ्याबिगर कुनाला ठावं व्हता? आजपास्न मला भैन न्हाय." विद्यावती पलीकडे रडत होती, शपथा घेत होती. जमुनेने फोन ठेवून दिला. आणि मित्रांनो, मी गाढव, मीसुद्धा विद्यावतीलाच दोष दिला.

पुढच्या आठवड्यात टेलिफोन बिघडला. नंदलाल नावाचा मेकॅनिक आला आणि त्याने माझ्या तळाची फळी उचलली. जमुना तेव्हा काउंटरपाशी तेल घेत होती.

"इथं दोन तारा आहेत," तो क्रिओलमध्ये म्हणाला. "दुसरा टेलिफोन कुठं आहे?"

एक तार खांबाकडे जात होती. दुसरी माझ्या पायाखालून सरळ मागच्या खोलीत. तिथे शिवणयंत्राजवळ, पडद्याआड, टेलिफोन होता. मागून सारखं पुढे यायला नको म्हणून हरिप्रसादने तो बसवून घेतला होता. मागचा उचलला की टिक् होतं आणि केबिनमधलं सगळं ऐकू येतं, असं नंदलालने सहज सांगितलं.

पुष्पावती दारात उभी होती. तिच्या तोंडून शब्द निसटले, "म्या वायटासाठी न्हाय सांगिटला, मावसी. माज्या फ्लाकच्या भैनीलाच बोलली."

तीन वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं मराठी. सगळं स्वच्छ, तिच्या आजीच्या वळणाचं. माझ्या दुहेरी भिंती आणि बायकांचं ते कुलूप, दोन्ही एकाच क्षणी फुकट गेलं.

नंदलालने दुसरी तार कापली, टेलिफोन सुरू केला, तशी जमुना माझ्या आत आली. पण दार लावलं नाही. दुकानाकडे तोंड करून ती क्रिओलमध्ये म्हणाली, "तु दिमून, एकुते." सगळेजण ऐका. मग बहिणीला फोन लावून मोठ्याने बोलली, तेही क्रिओलमध्ये. गाठ आहे, मंगळवारी ऑपरेशन आहे, चंद्रिका सोबत येणार आहे. तुझ्यावर मी खोटा आळ घेतला, मला माफ कर. गिऱ्हाइकं माना खाली घालून उभी होती.

गाठ निघाली. जमुना बरी झाली. दोन वर्षांनी चंद्रिकेचं लग्न दुसऱ्या, चांगल्या घरी झालं. माझ्याकडे मात्र कुणी फिरकेना. घरोघरी टेलिफोन आले तेव्हा मला मागच्या अंगणात हलवलं.

मित्रांनो, कुणी तुम्हाला म्हणेल, आत ये, दार लाव आणि बिनधास्त बोल. त्याच्या भिंती मजबूत असतीलही. माझ्याही होत्या. पण आधी खालची फळी उचलून बघा, तार कुणाच्या खोलीत जाते ते. आणि चुकून दुसऱ्याचं काही तुमच्या कानावर पडलंच, तर ते तिथेच राहू द्या.

त्या दिवशी विद्यावती पलीकडून काय म्हणाली, ते दुकानात कुणालाच ऐकू आलं नाही. दुसरी तार तेव्हा कापलेली होती. जमुनेने ऐकलं आणि तिच्या कानाशी असलेल्या मी ऐकलं.

ते मी सांगणार नाही.