गड्ड्यातला पदवीचा झगा

अप्पांना धंदा कळत नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. सोलापूरच्या भवानी पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली, आणि तिच्यात माझे वडील रुद्रप्पा दिवसभर पडदे रंगवत बसायचे. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं तरी अर्धा रंगवलेला ढग सोडून त्यांना उठवत नसे. लग्नाच्या फोटोंवर घर चालायचं आणि ढगांवर अप्पा.

१९७४ साली त्यांनी गड्ड्याच्या जत्रेसाठी चंद्र केला. प्लायवूडची कोर, तिला चंदेरी रंग, मागं निळा पडदा आणि त्यावर चांदण्या. लोकांनी कोरीवर बसायचं आणि फोटो काढून घ्यायचा. संक्रांतीच्या आठवड्यात जत्रेच्या मैदानात आमचा तंबू उभा राहिला. मी सांगलीहून सुट्टीला आले होते आणि परत जायचं की नाही, ते त्या चंद्राच्या कमाईवर ठरणार होतं.

सांगलीला मी पाच वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात होते, विजेच्या शाखेला. ई.बी.सी. सवलतीत कॉलेजची फी माफ झाली होती. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च समाजाच्या एका ट्रस्टनं वर्षभर उचलायचं कबूल केलं होतं. पहिल्या सत्राचे पैसे दिलेही. दुसऱ्या सत्राला मात्र तिथले कार्यवाह अप्पांना म्हणाले, "दुष्काळानंतर मागणारी पोरं वाढली, रुद्रप्पा. आम्ही सगळ्यांना निम्मं निम्मं देतोय." त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नव्हतं. पण निम्म्या खाटेवर झोपता येत नाही आणि निम्मं जेवून वर्कशॉपमध्ये कानस चालवता येत नाही. महिनाअखेरीपर्यंत उरलेले पैसे भरले नाहीत, तर माझी खाट दुसऱ्या मुलीला जाणार होती. एकट्या मुलीनं परगावी खोली घेऊन राहायचं, हे तेव्हा आमच्या घरात कुणी तोंडातून काढलंही नसतं.

"गड्ड्यात भरून निघंल की," अप्पा म्हणाले आणि चंद्राला रंगाचा दुसरा हात द्यायला बसले.

कसलं भरून निघतंय! शेजारच्या तंबूत एकानं खरीखुरी मोटारसायकल आणून उभी केली होती. झाडून सगळी तरुण पोरं तिकडं. तिच्यावर बसायचं, केस मागं सारायचे, फोटो. आमच्या चंद्रावर पहिल्या दिवशी एक नवं जोडपं बसलं आणि कोर डुगडुगते म्हणून तेही उतरलं.

"चांदावर कोन बसतंय? पडलं तर कंबरडं मोडंल की," अव्वा म्हणाली.

अव्वा म्हणजे माझी आई, चंद्रव्वा. ती मैंदर्गीची. शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण तिच्यापुढं अप्पांचंच काय, कुणाचंच काही चालत नसे. फारच रागावली की ती मराठी सोडून कानडीत शिरायची, आणि मग आम्ही सगळे गप्प बसायचो.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी स्टुडिओतला काळा झगा आणला. पदवीदान समारंभाला ज्यांना कोल्हापूरला विद्यापीठात जाणं जमायचं नाही, ती मंडळी आमच्याकडे येऊन तो झगा घालून फोटो काढायची. झगा, लाल गळपट्टा, चौकोनी टोपी आणि हातात धरायला भेंडोळं. भेंडोळं म्हणजे जुनं कॅलेंडर, फीत बांधून. पण दारावर नमुन्याचा फोटो टांगल्याशिवाय जत्रेत कुणाला कळणार? अप्पांनी झगा झटकला आणि माझ्यापुढं धरला.

"महानंदा, घाल बघू."

मी हात घालणार, तोच अव्वानं तो ओढून घेतला. "तिला न्हाय!"

"का गं?"

"पोर जल्मायच्या आदी कुंची शिवतात का कुनी? मिळायच्या आदी घातला तर मिळत न्हाय."

असला नियम मी कुठं ऐकला नव्हता. बहुतेक तो तिनं तिथंच, उभ्या उभ्या केला असावा. अप्पा म्हणाले, "मग कुनी घालायचा?"

"आना हिकडं. मी घालते. मला कुटं मिळायचाय?"

हे ती अगदी सहज बोलली. आज भाजी मीच निवडते म्हणावं तशी. आणि लगेच ती इरकलच्या पदरावर टोपी बसवून पिना लावायला लागली.

अप्पा कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात शिरले. अव्वा निळ्या पडद्यापुढं उभी राहिली. वारा होता. पडदा हलायचा, चांदण्या तिच्या टोपीमागून हळूहळू वर जायच्या आणि खाली यायच्या. बाहेर पिपाण्या, पाळण्याची करकर, चिरमुऱ्यांच्या भट्ट्यांचा धूर. आत मात्र काही ऐकू येईनासं झालं. अव्वाचा चेहरा कधी बघितला नव्हता तसा झाला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. कुठंतरी लांब, आम्ही दोघंही नाही अशा जागी ती बघत होती. अप्पांनी झाकण काढून परत लावलं तरी ती हलेना.

"झालं की गं," अप्पा म्हणाले.

"झालं व्हय?" ती म्हणाली. "लवकर झालं."

दुसऱ्या दिवशी तो फोटो दारावर लागला, आणि दुपारपर्यंत बायकांची रांग. आपल्याच गल्लीतली चंद्रव्वा बॅरिस्टरासारखी उभी राहिलेली बघून कुणाला राहवेना. विडीवाल्या आल्या, गिरणीतल्या आल्या, भाजी विकणाऱ्या टोपली बाहेर ठेवून आल्या. कुणी नऊवारीवर झगा चढवला, कुणी हातातलं तान्हं माझ्याकडं दिलं. आत येताना एकमेकींची थट्टा करत यायच्या, "वकीलीनबाई, माझा खटला चालवा की," आणि टोपी चढली की गप्प व्हायच्या. मी तान्ही पोरं सांभाळत बाजूला बसायचे आणि त्यांच्याकडं बघत राहायचे. दुपारचं ऊन तंबूच्या कापडातून गाळून पिवळं पिवळं आत यायचं. त्या निळ्या पडद्यापुढं एक एक बाई उभी राहायची आणि तेवढ्या क्षणात कुठं जाऊन यायची कुणास ठाऊक. परत येताना पावलं जपून टाकायच्या. मलाही कधी कधी वाटायचं की मी जागी नाही, आणि सोलापूर असं शहरच नाही, नुसता एक रंगवलेला पडदा आहे आणि त्यातून बायका आरपार चालल्या आहेत.

पैसे जमत होते. आणखीही जमले असते, पण अव्वाचा नियम आडवा यायचा. झगा तिच्या ताब्यात. शाळेच्या पोरी आल्या, की ती विचारायची, "शिकतीस का? मग तुला न्हाय. चांदावर बस जा." पोरींचे बाप चिडायचे. एक जण तर म्हणाला, दुकान मांडलंय का देऊळ? अप्पा हात जोडायचे, अव्वा झगा छातीशी धरून उभी राहायची. मी मनातल्या मनात हिशेब करायचे आणि दात ओठ खायचे.

जत्रेच्या शेवटच्या रविवारी अंबुबाई आल्या. आमच्या गल्लीतल्या पॉवरलूम कारखान्याच्या मालकीणबाई. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन जत्रा दाखवायला निघाल्या होत्या, सगळा खर्च त्यांचा. बाई हौशी आणि हाताची सैल.

"समद्यांचे काढा, रुद्रप्पा. येकेकीचा निराळा. आनि फ्रेमा लावून द्या."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी अप्पांकडं. एवढं काम मिळालं तर माझी खाट माझीच होती. मला एकदम वसतिगृहाची खिडकी दिसली, तिच्याबाहेरचं चिंचेचं झाड दिसलं. इतकं हलकं वाटलं की हातातलं तान्हं मी उगाच वर उडवलं.

एकेकीनं झगा घालून फोटो काढून घेतला. शेवटी राहिली रत्नी. दहा-बारा वर्षांची पोर, अंबुबाईंच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. केसांत कापसाचे तंतू. सगळ्यात आधीपासून रांगेत तीच उभी होती आणि मोठ्या बायका तिला मागं सारत होत्या. ती पुढं आली आणि तिनं दोन्ही हात वर केले, झगा डोक्यातून घालून घ्यायला.

अव्वा तशीच उभी राहिली.

"अगं घाल की," अंबुबाई म्हणाल्या. "ती काय शाळेत जात न्हाय. तुझा नेम मला ठाव हाय."

"हिला न्हाय."

"का? हिला कुटं मिळायचाय?"

"कोन म्हनतंय?" अव्वाचा आवाज चढला. "तुमी सांगनार व्हय, हिला मिळायचा न्हाय म्हनून?"

अंबुबाईंचा चेहरा पडला. त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण सगळ्या बायकांसमोर बोलणं लागलं. "पोर सकाळधरनं नाचतीय. तिला वगळून बाकीच्यांचे फोटो मला नगं. घालायचा तर समद्यांना, न्हायतर आमी चाललो."

मला आईचा असा राग आला, की बस. एक फोटो! माझं सगळं वर्ष एका फोटोवर आलं होतं आणि ही बाई स्वतःच काढलेल्या नियमापायी ते घालवत होती.

"अव्वा, घाल की!" मी ओरडलेच. "फोटो तर हाय नुसता!"

ती माझ्याकडं वळली. रागानं नव्हे, नीट बघितलं तिनं माझ्याकडं. "तुला घातला का मी?"

हातातलं तान्हं रडायला लागलं.

अंबुबाईंनी बायकांना हाक दिली आणि त्या निघाल्या. रत्नीचे हात अजून वर होते. ते तिनं सावकाश खाली घेतले. ती रडली नाही. अव्वाकडं बघत तिनं सरळ विचारलं, "मग मला कवा मिळंल?"

अव्वा झग्याची घडी घालत राहिली. मग तिनं हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. "ही सांगलीला चाललीय. हिला जाऊन येऊ दे. आली की सांगते तुला."

"बरं," रत्नी म्हणाली आणि बायकांमागं पळाली.

आता न जाऊन चालणारच नव्हतं. जमलेले पैसे घेऊन मी सांगली गाठली आणि रेक्टरबाईंना सांगितलं, एवढे आहेत, बाकीच्यांचं काय करायचं ते करा. बाई कडक, पण माणूस चांगलं. उरलेल्या पैशांच्या बदल्यात त्यांनी मला मेसमध्ये सकाळी पोळ्या लाटायला लावलं. "इंजिनिअरीणबाईंना साधं वर्तुळ येत नाही," म्हणून मुली माझी टर उडवायच्या. सत्र निघालं. पुढच्या वर्षी ट्रस्टनं पूर्ण पैसे दिले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा निम्मे, आणि पुन्हा पोळ्या.

दर सुट्टीत मी घरी आले, की संध्याकाळच्या आत रत्नी दारात. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. "आलीस का जाऊन?"

"नाही गं अजून. अजून तीन वर्षं."

"बरं," म्हणायची आणि कांड्या भरायला जायची. एकदा अव्वा रत्नीच्या आईकडं गेली होती, पोरीला शाळेत घाल म्हणून. "तिच्या कांड्यांवर चूल पेटती, तुमी पेटवता का?" असं ऐकून परत आली आणि त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या सुट्टीत रत्नी माझ्या खांद्याला लागली. त्याच्या पुढच्या सुट्टीत साडीत आली. प्रश्न तोच. मी बोटांवर मोजून वर्षं सांगायचे आणि ती मान हलवायची.

१९७८ च्या पावसाळ्यात मी पास होऊन आले. गल्लीत पेढे वाटले. अप्पांनी दोन दिवस स्टुडिओ बंद ठेवला, म्हणजे गिऱ्हाइकांना फरक पडला नाही. संध्याकाळ झाली, दिवे लागले, मी दाराकडं बघत बसले होते. दारात कुणी आलं नाही.

"रत्नी कुठाय?" मी विचारलं.

"लगीन झालं की तिचं, उन्हाळ्यात," अव्वा म्हणाली. "माझ्याच गावात दिलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इरकल नेसून, पेढ्याची पुडी पदरात बांधून निघाली. मी तिला पोचवायला एस.टी. स्टँडवर गेले. मैंदर्गीची गाडी लागलेली होती. अव्वा खिडकीशी बसली.

"काय सांगणार आहेस तिला?"

अव्वानं पुडीची गाठ सोडली आणि परत घट्ट बांधली. "उशीर झाला म्हनून सांगनार. दुसरं काय सांगू?"

मी तिथंच उभी होते. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मी पळत जाऊन चढले आणि तिच्या शेजारी बसले. तिकिटं दोघींची तिनंच काढली.